स्वतःचे लिहावे; पण किती सांगावे?

प्रश्न : मला लहानपणापासून कमी ऐकू येते. कार्यालयातील बैठकांत मी मागे पडते, हे सहकाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. याविषयी लिहावेसे वाटते. परंतु वाचणारे क्षणभर हळहळतील आणि विसरतील, शिवाय सहकारी दुखावतील, अशी भीती वाटते. अशा लेखनाने खरोखर काही बदलते का?

उत्तर : बदलते. मात्र लेखन आपल्या दुःखापाशीच थांबले, तर बहुधा हळहळच हाती येते. बैठकीत सगळे हसले, आपण कारण विचारले आणि शेजारच्याने ‘काही विशेष नाही’ म्हणून विषय संपवला, असा प्रसंग आपल्या वाट्याला आला असेल, तर तो जसाच्या तसा लिहा. बोलणाऱ्याचे तोंड फळ्याकडे होते का, दोघे-तिघे एकदम बोलत होते का, विषयपत्रिका आधी मिळाली होती का, हेही नोंदवा. ज्याने आजवर कितीदा तरी ‘काही विशेष नाही’ म्हटले आहे, त्याला हे वाचताना आपल्याच बैठका आठवतील आणि समोर पाहून बोलणे किंवा मुद्दे आधी लिहून देणे किती सोपे होते, हे उमगेल. बदलाची सुरुवात मला तिथे दिसते.

किती सांगावे, याबाबत फ्रेडरिक डग्लस यांचा विवेक मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतील गुलामगिरीतून १८३८ मध्ये निसटलेल्या डग्लस यांनी १८४५ मध्ये आत्मकथन प्रसिद्ध केले, तेव्हा ते कधी गुलाम होते यावरच अनेकांचा विश्वास नव्हता. म्हणून मालकांची नावे आणि ठिकाणे त्यांनी उघडपणे लिहिली. त्यामुळे पुन्हा पकडले जाण्याचा धोका वाढला आणि त्यांना काही काळ आयर्लंड व ब्रिटनमध्ये जाऊन राहावे लागले. पलायन कसे केले, हे मात्र त्यांनी त्या पुस्तकात सांगितले नाही, कारण मदत करणारे संकटात आले असते आणि मागून निसटू पाहणाऱ्यांची वाट बंद झाली असती.

आपले सहकारी त्या मालकांसारखे नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावांची गरज नाही. पद किंवा विभाग बदला, घडलेले बदलू नका. ज्याने मदत केली, त्याचा उल्लेख त्याला विचारूनच करा. ‘आम्हा सर्वांना’ असे लिहिण्यापूर्वी मात्र थांबा. खुणांच्या भाषेत वाढलेल्या व्यक्तीचा अनुभव आणि तिची मागणी आपल्याहून वेगळी असू शकते. शक्य असल्यास पहिला मसुदा तिलाच वाचायला द्या.