बोधकथा सांगताना शेवटी तात्पर्य सांगावं का? मुलगा ‘पण चूक कोणाची?’ असं विचारतो तेव्हा काय सांगायचं?

तात्पर्य सांगू नका. एवढंच हवं असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. पण तुम्ही प्रश्नात उदाहरण दिलंत ते बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीचं: धाकटा आपला वाटा घेऊन जातो, उधळून परत येतो, बाप त्याला झगा-अंगठी देतो, वासरू कापून मेजवानी घालतो, आणि घरी राबलेला थोरला रुसतो. तुमचा आठ वर्षांचा मुलगा म्हणाला, ‘मोठ्या भावाचं बरोबर होतं’, आणि आता त्याला क्षमेचं महत्त्व कसं पटवायचं असं तुम्ही विचारताय. ते वाचून गप्प बसवेना. पटवू नका. मुलगा बरोबर बोलला.

मी घरातला थोरला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी खाली प्रतिक्रियेत येऊन सांगायला नको.

आम्ही गोव्यातल्या फोंड्याकडचे. घरचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. धाकट्या भावाने बाबांकडून पैसे उचलले, त्यासाठी कुळागराचा एक तुकडा गहाण पडला. मुंबईत धंदा काढला, बुडवला, मग गल्फमध्ये गेला आणि फोन घेणं बंद केलं. इकडे सुपारीवर बोर्डो (बुरशीचं औषध) फवारणारे मिळत नाहीत म्हणून पावसात धावाधाव मी करायची, गहाण मी सोडवायचं, बाबांना डॉक्टरकडे मी न्यायचं. यात कौतुक काही नाही, घरी राहणाऱ्याच्या वाट्याला ते येतंच.

मग एका चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तो आला. मी केळीची पानं आणायला कुळागरात गेलो होतो. गणपतीवरची फळा-पानांची माटोळी आदल्या रात्री मीच बांधली होती. वर येताना घुमट-शामेळ या वाद्यांचा आवाज ऐकू आला. आरती सुरू झाली होती, माझ्याशिवाय. वाटेत शेजारचा पोरगा भेटला, त्याने सांगितलं, ‘भाऊ आलाय, पाटावर तोच बसलाय.’ बाबांचे गुडघे गेल्यापासून पूजेला मी बसत होतो. त्या दिवशी बाबांनी त्याला सोवळं नेसायला लावून बसवलं. बायबलमधला थोरलाही शेतातून परतताना गाणं-नाचणं ऐकतो आणि चाकराला विचारतो, काय चाललंय? त्यालाही कोणी बोलावणं धाडलेलं नसतं. हे मी रचून सांगत नाहीये. असं झालं म्हणूनच ती गोष्ट माझ्या मानगुटीवर बसली.

वासरू आमच्याकडे नव्हतं, चवथ शिवराक, म्हणजे शाकाहारी असते. खतखतं ही मिसळीची भाजी होती, हळदीच्या पानातल्या पातोळ्या होत्या. पंगतीत मी बोलत नाही हे काकांनी ओळखलं. काका पोर्तुगीज काळात सेगुंद ग्राव (तेव्हाची शाळेची परीक्षा) झालेले, त्यांना सगळं पाठ. हिंदू घरात ही गोष्ट कुठून आली म्हणाल, तर गोव्यात ती परकी नाही. फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचून 1616 साली राशोलला छापली होती. तर काकांनी सगळ्यांसमोर उधळा पुत्र सांगितला आणि वर तात्पर्य: ‘थोरल्याचं मन थोर असावं.’ सगळ्यांनी माना हलवल्या. धाकट्याने पातोळी खाल्ली.

मी एकच विचारलं, ‘ते वासरू कोणाचं होतं?’

हा प्रश्न काकांना आजतागायत आवडलेला नाही, म्हणून इथे नीट मांडतो. धाकट्याने मागितलं तेव्हा बापाने मालमत्ता दोघांत वाटून दिली, असं त्या गोष्टीतच आहे. बायबलच्या जुन्या करारात थोरल्याला दुप्पट वाटा द्यायचा नियम आहे, म्हणजे दोन मुलगे असले तर तीनातले दोन भाग थोरल्याचे. धाकटा आपला भाग घेऊन गेला. मागे उरलं ते कोणाचं? बाप स्वतःच थोरल्याला म्हणतो, माझं आहे ते सगळं तुझंच आहे. मग वासरू, झगा, अंगठी, सगळं थोरल्याच्या वाट्यातून गेलं आणि त्याला विचारलंसुद्धा नाही. आपल्या गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून कायद्याने बापाला मर्जीने द्यायला स्वतःच्या वाट्याचा निम्माच मोकळा, बाकी निम्म्यावर मुलांचा सारखा हक्क. काका आयुष्यभर लोकांच्या इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटायचे, कागद लिहीत आले. त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांचं उत्तर काय, तर ‘तू हिशेबी आहेस.’

असेन. पण गोष्टीतला बाप निदान मेजवानी सोडून बाहेर आला, थोरल्याची समजूत घालायला अंगणात उभा राहिला. मला जेवायला बोलवायला तोच शेजारचा पोरगा परत आला होता.

आता तुमच्या मुलाकडे येतो. ही गोष्ट येशूने सांगितली कोणाला? पापी लोकांबरोबर हा जेवतो म्हणून कुरकुरणाऱ्या परुश्यांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्यांना. म्हणजे ऐकणारे थोरलेच होते. आणि थोरला आत गेला की नाही, हे गोष्टीत नाहीच. बापाच्या बोलण्यावर ती संपते. सांगणाऱ्याने दार उघडं ठेवलंय, तात्पर्य सांगणारे ते लावून घेतात. तुमच्या मुलाला विचारा, ‘तू आत गेला असतास का?’ आणि तो नाही म्हणाला तर नाही.

आपल्याकडेही हेच. महाभारताच्या कर्णपर्वात युधिष्ठिर रागात अर्जुनाला म्हणतो, गांडीव दुसऱ्याला दे. असं म्हणणाऱ्याला मारायची अर्जुनाची प्रतिज्ञा, म्हणून तो सख्ख्या थोरल्या भावावर तलवार उपसतो. तेव्हा कृष्ण कौशिकाची गोष्ट सांगतो: खरंच बोलायचं व्रत घेतलेल्या तपस्व्याने दरोडेखोरांना लपलेल्या माणसांची वाट दाखवली, ती मारली गेली, आणि हा नरकात गेला. मुलांच्या पुस्तकात ‘नेहमी खरे बोलावे’ छापतात, तेव्हा हा कौशिक बिचारा कुठे ठेवायचा? कृष्णाची पळवाट तर त्याहून भारी: थोराला ‘तू’ म्हणणं हाच त्याचा वध, तेवढं कर. गोष्ट ऐकणाऱ्याच्या हातात तेव्हा तलवार होती, हे वगळलं की ती गोष्ट उरत नाही.

बायबलमधल्याच द्राक्षमळ्याच्या गोष्टीचीही तीच तऱ्हा. सकाळपासून राबलेल्याला एक दिनार, शेवटचा तासभर आलेल्यालाही एक दिनार, आणि कुरकुरणाऱ्याला मालक म्हणतो, मी उदार आहे म्हणून तुझ्या पोटात दुखतं का? असा हिशेब मी केला तर दुसऱ्या दिवशी कुळागरात एक पाडेली (झाडावर चढून नारळ पाडणारा) फिरकायचा नाही. पण मागाहून आलेले दिवसभर बाजारात उभे होते, त्यांना कोणी कामच दिलं नव्हतं, हेही मुलाला सांगा. त्यांची बाजू आहे, आणि ती सोपी नाही.

थोडक्यात माझा सल्ला असा: गोष्ट एकदा सरळ सांगा, दुसऱ्यांदा ज्याला गप्प केलंय त्याच्या तोंडून सांगायला लावा. शिबी राजा शरण आलेल्या कबुतराला वाचवतो त्या गोष्टीत ससाणा खलनायक वाटतो, पण त्याचं म्हणणं ऐका. कबूतर हे माझं अन्न, ते तू अडवलंस तर मी आणि माझी पिल्लं मरतील, त्याचं काय? राजा त्याला ‘मन मोठं कर’ म्हणत नाही. स्वतःचं मांस तराजूत घालतो. दुसऱ्याला मोठं मन ठेवायला सांगणाऱ्या प्रत्येक काकाने ही गोष्ट आधी वाचावी. धाकट्याला पाटावर बसवायचं होतं तर बसवा, पण गहाणाचे पैसे कोणी भरले तेही पंगतीत बोला.

आता थोडं सबुरीने. अगदी लहान मुलांना ससा-कासव तात्पर्यासकट सांगितलं तरी काही बिघडत नाही. भाऊ आता इथेच आहे, काम करतो, आमचं बोलणं आहे. बाबांना मी दोष देत नाही, म्हातारपणी परत आलेलं पोर बघून माणूस जे करेल तेच त्यांनी केलं. आणि तुमचा मुलगा एकुलता एक असेल तर थोरल्याची बाजू घेण्यात त्याचं काही जात नाही, तेव्हा त्याला धाकट्याच्या तोंडूनही एकदा सांगायला लावा.

शिबीची गोष्ट मात्र रात्री झोपताना नको. मांडी कापून मांस काढायचा भाग आहे, आमची मुलगी ते ऐकून आमच्या खोलीत झोपायला आली होती. दुपारी सांगा.