मागचा एक्सल गंजलाय, गाडी ठेवू की विकू?

प्रश्न : काका नमस्कार, मी दिंडोरी तालुक्यातला, द्राक्षबाग आहे आणि थोडा टोमॅटो असतो. दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड पिकअप घेतली, २०१२ ची. आता कळतंय की आधीची पार्टी रत्नागिरीकडची होती आणि गाडी मच्छीच्या भाड्यावर चालायची. घेताना खालून एकदम काळीभोर चकचकीत होती, परवा प्रेशरने धुतली तर रंग पापडासारखा सुटला आणि मागच्या एक्सलवर नुसता गंज, हात लावला की पापुद्रे निघतात. एक मिस्त्री म्हणतो अख्खा एक्सल बदल, दुसरा म्हणतो जळकं ऑइल मार, काही होत नाही. घरचे म्हणतात विकून मोकळा हो. खरड छाटणी उरकली, पाऊस तोंडावर आलाय, ऑगस्टपासून पिंपळगावला टोमॅटो न्यायचाय. काय करू?
(एक वाचक, दिंडोरी)

उत्तर : दादा, दोन्ही मिस्त्री चुकतायत आणि घरच्यांचं काय ते शेवटी बघू.

मच्छीची गाडी म्हटल्यावर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्याच्या फटीतून गळतं आणि बरोबर खाली काय तर मागचा एक्सल, म्हणजे वर्षानुवर्षं त्याला मिठाच्या पाण्याची आंघोळ. त्यावर विकणाऱ्याने गंज न खरवडता, मीठ न धुता डायरेक्ट काळा रंग मारला, मग रंगाखाली मीठ आणि ओल अडकून गंज वाढतच राहिला, आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून तो फुगून रंगासकट सुटला. जुन्या गाडीला खालून ताजा काळा रंग दिसला की खूश होऊ नका, उलट तिथेच स्क्रूड्रायव्हर घालून बघा असं मी नेहमी सांगतो, पण लोक सीट कव्हर आणि टेप बघून बयाणा देतात.

तर आता खाली शिरायचं. पण नुसत्या जॅकवर नाही हं. हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागतो, ती उचलली की हँडब्रेकचा उपयोग शून्य, म्हणून आधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड नाहीतर लाकडाची ओट लावा, मग चॅसीखाली दोन घोड्या (लोखंडी स्टँड), आणि मगच खाली जायचं.

हाउसिंग म्हणजे एक्सलची ती मोठी नळी आणि मधला गोळा, हे चांगलं जाड पोलाद असतं. वरून भयानक दिसतं पण बहुतेक वेळा पापुद्रे काढले की खाली धातू शाबूत निघतो. बाजारात माठ घेताना बोटाने वाजवून बघतो ना, तसंच इथे छोट्या हातोडीने ठोकत जायचं. टणटण वाजलं तर चांगलं, कुठे भद असा आवाज आला किंवा टोक आत गेलं तर तिथे धातू संपला समजा. पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) बैठक जिथे नळीला वेल्ड केलेली असते ती जागा आणि गोळ्याची खालची बाजू जास्त नीट बघा, चिखल तिथेच साठतो.

पण खरं सांगू का, मला तुमच्या हाउसिंगची एवढी काळजी नाहीये, मला काळजी आहे त्याच्यावरून जाणाऱ्या ब्रेक पाईपची. चॅसीवरून एक रबरी होज खाली येतो आणि तिथून पेन्सिलीपेक्षा बारीक लोखंडी पाईप मागच्या चाकांच्या दोन्ही ब्रेक ड्रमकडे जातात. हाउसिंगला जो गंज नुसता ओरखडा आहे तोच या पाईपला भोक पाडतो, आणि पाईप रोजच्या हलक्या ब्रेकला फुटत नाही, कसारा घाट उतरताना माल भरलेला असतो आणि पाय जोरात दाबला जातो तेव्हा फुटतो. क्लिपा सोडून क्लिपांच्या खाली बघा, गंज तिथेच लपतो. बोटाला खड्डे लागले तर विचार करत बसू नका, दोन्ही बाजूचे पाईप बदला, होजला चिरा असतील तर होजही, आणि ब्रेकची हवा काढून घ्या. अख्ख्या एक्सलच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

तसंच यू-बोल्ट, म्हणजे पाटे एक्सलला आवळून धरणारे. गंजून आटे खाल्लेले असतील तर जुनेच कसून काही होणार नाही, नटासकट नवे टाका आणि माल घेऊन चार-पाचशे किलोमीटर झाले की परत कसा, हे परत कसणं कोणी करत नाही. ते ढिले राहिले की पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

आणि ब्रीदर! हाउसिंगच्या वर आतली हवा सोडायला बोटाच्या पेराएवढी टोपी असते, गंजाने आणि मातीने ती हमखास बंद पडते. मग क्राउन (मधल्या गोळ्यातलं दातेरी चक्र) तापला की आतली हवा फुगते आणि सीलमधून ऑइल ढकलते, ते ब्रेक लायनरवर जातं, आणि गरम एक्सल पाण्यात गेला की उलटं पाणी आत खेचलं जातं. क्राउनचं ऑइल थोडं काढून बघा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय, सगळं बदला, जीएल-५ ग्रेडचं गियर ऑइल, इंजिन ऑइल नाही.

एवढं सगळं ठीक निघालं तर मग रंगकाम. वायर ब्रश, ग्राइंडर, सुटणारं सगळं काढायचं. नंतर साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवायचं, मीठ गेलं नाही तर वरचा सगळा खर्च पाण्यात. उन्हात कडक वाळवायचं, मे महिन्यातलं आपलं ऊन याच कामाचं. घट्ट बसलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर, त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग चॅसी ब्लॅक. नुसतं रेड ऑक्साइड मारून सोडू नका, ते एकटं पाणी अडवत नाही. ब्रीदर, रबरी होज आणि ड्रम झाकून मगच रंग मारा. पाटे-बिटे सोडून हाउसिंग बाहेरच काढणार असाल तर अंबड-सातपूरला सँडब्लास्टिंगवाले आहेत, ते खड्ड्यातला गंजही काढतात, फक्त आतलं सगळं खोलून तोंडं बंद करून द्या, वाळू आत गेली तर बेअरिंग गेलंच.

जळक्या ऑइलचं आपल्याकडे फारच प्रेम. ते धूळ धरतं, बुश फुगवतं, ड्रममध्ये गेलं तर ब्रेक जातो आणि उरलेलं तुमच्याच बागेत ठिबकतं.

नळीला भोक किंवा तडा निघाला तर मात्र ठिगळ लावू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी वाकते, मग शाफ्ट आणि बेअरिंग एका रेषेत राहत नाहीत. भंगार बाजारातून सरळ असलेलं नुसतं हाउसिंग आणा आणि तुमचाच क्राउन त्यात बसवा. अख्खा एक्सल आणलात तर क्राउन-पिनियनचे दात मोजून जुळवा, नाहीतर गाडीची ओढ आणि स्पीडोमीटर दोन्ही बिघडेल.

अजून एक, तुमच्या धंद्यातलं. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण) करताना विळ्याचं पातं बुडवून बघता ना, तांबूस थर आला तर चुना कमी पडला म्हणून? तो थर म्हणजे मोरचुदाने पात्याचं लोखंड खाल्लेलं असतं. सांडलेलं मोरचूद हौद्यातून एक्सलवर गळलं की तेच होतं. पोटॅशही कमी नाही, त्यातला क्लोराइड म्हणजे मिठाचाच भाऊ. खत, औषध वाहिलं की त्याच संध्याकाळी खालून साध्या पाण्याने धुवा, प्रेशरचा फवारा सीलवर आणि ब्रीदरवर रोखू नका.

आता विकायचं का? एक्सलसाठी नाही. पण मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चॅसीला बसतात तिथे हीच हातोडी वाजवा, चॅसीची पोकळी आतून गंजते, वरून कळत नाही. तिथे भद वाजलं तर मात्र पैसे घालू नका, घरचे म्हणतात ते ऐका. आणि घेणाऱ्याला खरं सांगून विका, काळा रंग मारून नको. आठ वर्षांवरची गाडी, फिटनेसला दरवर्षी उभी राहणारच आहे.

प्रश्न : मागचा ड्रम गंजून एवढा घट्ट बसलाय की निघतच नाही, घण मारू का?
(एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : घण नको, कड तुटेल. हँडब्रेक सोडा, ड्रममागच्या पत्र्याच्या भोकातून ब्रेकचा अॅडजस्टर ढिला करा, मधल्या हबभोवती गंजावर डिझेल सोडून रात्रभर ठेवा. बहुतेक ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात बोल्ट घालून थोडं इकडून थोडं तिकडून असं कसत न्या, ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. निघाल्यावर आतली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, ती छातीत जाते.