बहिष्कार लोकांचा, फलक प्रशासनाचे

प्रश्न : २०१९ मध्ये दक्षिण कोरियात जपानी मालावर बहिष्कार पडला, तो सरकारने घडवून आणला होता का?

उत्तर : नाही, तो लोकांनीच उभा केला. जपानी राजवटीत सक्तीने राबवलेल्या कोरियन मजुरांना जपानी कंपनीने भरपाई द्यावी, असा निकाल कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. पुढे जुलै २०१९ मध्ये जपानने संगणकीय चिप आणि मोबाइल-टीव्हीचे पडदे (डिस्प्ले) बनवण्यास लागणाऱ्या तीन पदार्थांच्या कोरियाला होणाऱ्या निर्यातीवर कडक नियंत्रणे आणली; हा त्या निकालाचाच वचपा आहे, असे कोरियन लोकांना वाटले, तेव्हा दुकानदारांनी जपानी बिअर फळीवरून उतरवली आणि प्रवाशांनी सहली रद्द केल्या. मला मात्र ६ ऑगस्टची घटना अधिक मोलाची वाटते : सोलमधील जुंग विभागाच्या प्रशासनाने रस्तोरस्ती ‘नो जपान’चे फलक लावले, परंतु जपानी पर्यटकांना दुखावू नका, असे नागरिकांनीच बजावल्यावर ते त्याच दिवशी काढावे लागले.