आधी सप्तर्षी पक्के करा

दुर्बीण घ्यायची घाई नको. आधी नुसत्या डोळ्यांनी सप्तर्षी ओळखायला शिका. एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊच्या सुमारास ते उत्तरेला चांगले वर आलेले असतात. या सात ताऱ्यांपैकी चार मिळून चौकोन होतो आणि तिघांची शेपटी. चौकोनाचे शेपटीपासून लांबचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेषा काढा आणि त्यांच्यातल्या अंतराच्या साधारण पाचपट पुढे जा, तिथे ध्रुव. तो आकाशात सर्वांत तेजस्वी असेल असं समजून शोधलात तर हमखास चुकाल. तो जवळपास या ताऱ्यांइतकाच उजळ आहे.

मग शेपटीतल्या मधल्या ताऱ्याकडे, वसिष्ठाकडे, निवांत बघा. डोळे अंधाराला सरावू द्या, वीसेक मिनिटं तरी. त्याला खेटून असलेली अंधुक अरुंधती दिसली की जो आनंद होतो, तो खरंच वेगळा असतो! सप्तर्षी मावळलेले असतील तेव्हा ध्रुवाच्या दुसऱ्या बाजूला शर्मिष्ठा हा इंग्रजी M किंवा W सारखा दिसणारा तारकासमूह शोधा.