ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल ओळखायची कशी? सगळेच दुकानदार 'ओरिजिनल' म्हणतात

चप्पल हातात घेतली की आधी उलटी करा. वेणी, गोंडा, जरीची पट्टी नंतर बघा, कारण गिऱ्हाईक भुलतं ते त्यालाच आणि डुप्लिकेटवालेही सगळी मेहनत तिथेच घेतात.

खऱ्या चपलेचा तळ म्हणजे चामड्याचे थर, एकावर एक ठेवून चामड्याच्याच बारीक वादीने शिवलेले, खिळा नाही की नायलॉनचा दोरा नाही. टाके हाताचे असतात त्यामुळे जरा मागेपुढे होणारच, एकदम मशीनसारखी सरळ रेघ दिसली तर मला उलट डाऊट येतो. मग कड बघा. कापलेलं चामडं तंतूतंतू दिसतं, आतपर्यंत तपकिरी, आणि मधे पुठ्ठा, फोम नाहीतर रबर डोकावत असेल तर चप्पल खाली ठेवा आणि पुढच्या दुकानात जा. वासही घ्या, लाजू नका. पारंपरिक कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्याचा वास उग्र असतो पण रेक्झिनसारखा नाकात झोंबत नाही.

करकर वाजते म्हणजे ओरिजिनल हे मात्र डोक्यातून काढा. तो आवाज कारागीर हौशी लोकांसाठी मुद्दाम काढून देतात, न वाजणारी चप्पलही तितकीच खरी असते.

आणि हो, 'कर्नाटकातली आहे म्हणजे नकली' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. २०१९ ला जीआय (वस्तू ठरावीक भागातली आहे हे सांगणारं सरकारी मानांकन) मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून, आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीची चप्पलही हक्काची कोल्हापुरीच. ऑनलाइन घेणार असाल तर तळाचा आणि कडेचा फोटो मागा, नुसता वरून काढलेला फोटो काही कामाचा नाही.

नवी चप्पल सुरुवातीला अंगठ्याला चावते, त्याला घाबरू नका, आतून थोडं तेल लावून घरातल्या घरात घाला म्हणजे पायाला बसते. पावसात मात्र घालू नका, चामडं पाणी पितं, फुगतं आणि टाके सुटतात, आणि मग ती घेऊन भांडायला गेलात तर दुकानदाराचंच बरोबर असेल!