मोटर घेऊन झाली, आता चाकं-टायर-ब्रेक? जरा शेवटाकडून बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुनी पोलादी फ्रेमची २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक) आहे, मागच्या चाकासाठी ४८ व्होल्ट, १००० वॅटची डायरेक्ट ड्राइव्ह हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी, आत गिअर नसलेली) घेऊन ठेवली आहे. तुमचं वजन ७८ किलो, बॅटरीसकट सायकल ३२ किलोच्या घरात जाईल आणि ताशी ४५ पर्यंत पळवायची इच्छा आहे. मग १२ गेजचे जाड आरे घालावेत का, मोटरसायकलचा टायर बसवला तर पंक्चरची कटकट जाईल का, आणि सायकलवर आहेत तेच १६० मिमीचे केबलवाले डिस्क ब्रेक पुरतील का?

तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. कारणं मात्र वेगवेगळी आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. आणि सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून, म्हणजे ब्रेकपासून करतो, कारण ब्रेक ठरल्याशिवाय चाक ठरवण्यात अर्थ नाही. बहुतेक जण मोटर आणि बॅटरीवर पैसे संपवतात आणि उरलेल्या चिल्लरमध्ये ब्रेक बसवतात. मीही पहिल्या सायकलला तेच केलं होतं.

तुम्ही आणि सायकल मिळून ११० किलो. ताशी २५ ला हे वजन थांबवायचं तर ब्रेकला साधारण २,६५० जूल गिळावे लागतात. ताशी ४५ ला ८,६००. वेग दुपटीलाही पोचला नाही, पण काम सव्वातीन पट झालं. कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी दाबून ब्रेक लावला तर २५ च्या वेगाला पाच मीटरच्या आत थांबाल, ४५ ला साडेपंधरा मीटर लागतील. शिवाय समोरचं कुत्रं दिसून बोटं लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यातच आणखी साडेबारा मीटर मागे पडले.

हे झालं एकदा थांबण्याचं. खरी परीक्षा उतारावर होते. शंभर मीटर उंचीचा उतार ब्रेक धरून उतरलात तर जवळजवळ १,०८,००० जूल उष्णता होते. त्यातली थोडी वारा खातो, बाकीची रोटर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) आणि तिला घासणाऱ्या पॅडमध्येच जाते. म्हणजे ताशी ४५ वरून पूर्ण थांबण्याचे बारा ब्रेक, मध्ये श्वास न घेता. १६० मिमीचा पातळ रोटर इथे निळा पडतो, पॅडचा वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि लिव्हर दाबली तरी सायकल ‘बघू’ म्हणते. तो करपलेला वास एकदा नाकात गेला की विसरत नाही.

म्हणून पुढे २०३ मिमीचा रोटर आणि चार पिस्टनचा हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) कॅलिपर, म्हणजे पॅड रोटरवर दाबणारा भाग, घ्या, मागे १८० मिमी पुरे. थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे पैसे कमी पडत असतील तर मागचा ब्रेक साधा ठेवा, पुढचा नाही. १६० वरून २०३ वर गेल्यावर त्याच दाबाला पाव पटीहून थोडी जास्त पकड मिळते. रोटरची जाडीही बघा. नेहमीचे १.८ मिमीचे असतात, ई-बाइकसाठीचे २ मिमी किंवा त्याहून जाड मिळतात आणि ते उष्णता जास्त पोटात घेतात. फक्त आधी चिमट्यावर (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कवर) किती मिमीपर्यंतच्या रोटरला परवानगी आहे ते वाचा. जुन्या हलक्या चिमट्यांवर बऱ्याचदा १८० च्या पुढे जाता येत नाही. मग चिमटाच बदलावा लागतो, तिथे जुगाड करू नका.

(जाता जाता एक गंमत. २० इंची चाकात १६० चा रोटर जेवढी पकड देतो, तेवढीच २६ इंची चाकात मिळवायला २०३ चा लागतो. चाक लहान तर ब्रेकचा हात लांब. मोटरचंही तसंच आहे, लहान चाकात ती चढाला कमी तापते. पण खड्ड्यांचा विचार करता तुमच्यासाठी २६ च बरं.)

पॅड रेझिनचे की धातूमिश्रित सिंटर्ड? उतार असतील तर सिंटर्ड. आवाज जास्त करतात, पण तापल्यावर दगा देत नाहीत. त्याआधी रोटर सिंटर्ड पॅडला चालतो का ते बघा. काही स्वस्त रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं कोरलेलं असतं. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी २५ पर्यंत जाऊन चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका. असं वीसेक वेळा केलं की पॅडचा थर रोटरवर सारखा बसतो. हे न करता ‘ब्रेक धरत नाही’ म्हणणारे दर महिन्याला भेटतात. दुसरी चूक म्हणजे चेनवर फवारलेलं तेल रोटरवर उडणं. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो. तेल प्यायलेले पॅड सरळ टाकून द्या.

ब्रेक ऑइलचं एकच वाक्य: शिमानो, मगुरा, टेक्ट्रो यांना मिनरल ऑइल लागतं, काही इतर ब्रेकना मोटारीत वापरतात तसलं डॉट ब्रेक ऑइल लागतं, एकाच्या जागी दुसरं घातलंत तर आतले रबरी सील फुगून ब्रेक बाद होतो.

मोटर कट-ऑफ, म्हणजे ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच, मात्र विसरू नका. किटबरोबर आलेल्या लिव्हरमध्ये तो स्विच असतो, पण त्या केबल ब्रेकच्या असतात. हायड्रॉलिक लिव्हर घेतल्यावर तो स्विच गेला. त्यावर उपाय म्हणून लिव्हरला चिकटवायचा छोटा चुंबकी सेन्सर मिळतो, तो लावा. थ्रॉटल अडकला किंवा पेडल सेन्सर अर्धा सेकंद उशिरा थांबला, तर तेवढ्यात मोटर तुमच्याच ब्रेकशी भांडत असते.

डायरेक्ट ड्राइव्ह असल्यामुळे तुम्हाला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग (थोडक्यात रिजन: मोटरच जनित्र होऊन वेग कमी करते आणि वीज बॅटरीत परत टाकते) मिळेल आणि पॅड दुप्पट टिकल्यासारखे वाटतील. वापरा, पण ब्रेकच्या हिशेबात धरू नका. घरून शंभर टक्के चार्ज करून निघालात आणि लगेच उतार लागला तर बॅटरीत जागाच नसते, आणि रिजन नेमकं तेव्हा गप्प बसतं.

आता चाक. हब मोटरच्या चाकावर लोक सर्वात जास्त चुकतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

माझं पहिलं मोटरचं चाक तयारच आलं होतं, १२ गेजचे आरे, दिसायला बैलगाडीसारखं दणकट. पहिल्या महिन्यात तीन आरे गेले, तिन्ही एकाच बाजूचे. विकणाऱ्याचं म्हणणं, तुम्ही खड्ड्यात आदळलंत. चाक बांधणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे घेऊन गेलो. त्याने पान्याला हातही लावला नाही. एकेक आरा नखाने वाजवत चाक फिरवलं. एका बाजूला ‘टिंग’, दुसऱ्या बाजूला नुसतं ‘थप्प’. म्हणाला, “हे आरे तुटले नाहीत, लोंबकळून मेले.”

त्याचं म्हणणं नीट समजून घ्या. चाक फिरताना जो आरा जमिनीच्या बाजूला येतो, त्याचा ताण क्षणभर कमी होतो, मग परत वाढतो. २६ इंची चाक किलोमीटरला साधारण ४७० वेळा फिरतं, म्हणजे हजार किलोमीटरला प्रत्येक आरा पावणेपाच लाख वेळा सैल-घट्ट होतो. आरा पुरेसा ताणलेला असेल तर हा फरक तो सहज पचवतो. ढिला असेल तर दर फेरीला पूर्ण सुटतो, निपल (आरा रिममध्ये कसणारा छोटा नट) हळूहळू उलटं फिरतं, आणि वळणापाशी धातू थकून एक दिवस तुटतो. जाड आरा इथे वाईट ठरतो. १२ गेज म्हणजे सुमारे २.६ मिमी, १४ गेज म्हणजे २ मिमी. तेवढ्याच ताणाला जाड आरा ४० टक्के कमी लांबतो. त्याला नीट लांबवायचं तर जेवढा ताण द्यावा लागेल, तेवढा सायकलची रिम सोसत नाही, निपलपाशी तडकते. म्हणून बांधणारा तो कमी कसतो, आणि मग वर लिहिलेलं सगळं सुरू होतं.

तेव्हा १३-१४ गेजचे बटेड आरे घ्या, वळणापाशी २.३ मिमी आणि मधे २ मिमी असणारे. मोटरच्या फ्लॅंजची (आरे अडकवतात त्या कडेची) भोकं १२ गेजसाठी पाडलेली असतात, त्यामुळे आऱ्याच्या डोक्याखाली बारीक पितळी वायसर टाकावा लागतो. काम कंटाळवाणं आहे, ३६ वायसर. पण करा. रिम ३६ भोकांची, दुहेरी भिंतीची, आतून २५ ते ३० मिमी रुंद.

गुंफण एकाच क्रॉसची ठेवा, म्हणजे प्रत्येक आरा दुसऱ्या एकाच आऱ्याला ओलांडेल. मोटरचा व्यास मोठा, त्यामुळे आरे आखूड; तीन क्रॉस घातले तर आरा रिममध्ये तिरका शिरतो आणि निपलच्या तोंडाशी वाकतो. बांधलेल्या चाकात निपलमधून बाहेर येतानाच आरा वाकलेला दिसला, तर चाक बांधणाऱ्याला परत द्या. शंभर किलोमीटर चालवल्यावर एकदा आरे वाजवून बघा, ढिले झालेले कसून घ्या आणि आउट काढून घ्या (चाक डुलत असेल तर सरळ करून घ्या). त्यानंतर सहसा त्रास होत नाही.

चाक आणि ब्रेक यांची गाठ नेमकी कुठे पडते तर मोटरच्या झाकणावर. हब मोटरचं झाकण फुगीर असतं आणि कॅलिपर त्याला घासतो. १६० च्या रोटरला हमखास, १८० ला कमी, कारण कॅलिपर बाहेर सरकतो. चाक बसवून रोटर लावा, कॅलिपर नुसता हातात धरून जागेवर न्या आणि मधून एखादं जुनं कार्ड सरकतं का बघा. सरकत नसेल तर रोटरच्या मागे एक-दोन मिमीचा सहा भोकांचा स्पेसर टाका, पण मग बोल्टही तेवढेच लांब घ्या. आखूड बोल्टवर रोटर टांगून ठेवणारे बघितलेत मी.

टायरचं लवकर उरकतो. मोटरसायकलच्या टायरवरचा १७ म्हणजे रिमचा व्यास, सुमारे ४३२ मिमी. सायकलचा २६ मात्र टायरच्या बाहेरच्या कडेचा जुना अंदाज आहे, तुमच्या एमटीबीच्या रिमचा खरा आकडा ५५९. तो टायर तुमच्या रिमवर बसणारच नाही. बसवायचा तर मोटरसायकलची रिम, तिच्या वजनाचं चाक, आणि मागच्या फाट्यात (फ्रेमच्या ज्या दोन दांड्यांमध्ये मागचं चाक बसतं तिथे) नसलेली जागा, सगळंच लागतं. घेतानाही ५५९ हा आकडाच वाचा. २६ × १ ३/८ लिहिलेला टायर ५९० चा असतो, नावात २६ असून तुमच्या कामाचा नाही.

२.३ ते २.४ इंच रुंदीचा, रस्त्याच्या नक्षीचा, आत जाड पंक्चर-रोधक थर असलेला टायर घ्या. काही टायरवर ‘ई-५०’ किंवा ‘ईसीई-आर७५’ असा शिक्का असतो, म्हणजे ताशी ५० पर्यंतच्या ई-बाइकसाठी तपासलेला. तुमच्या वेगाला तोच हवा. एमटीबीचे मोठ्या गोट्यांचे टायर डांबरी रस्त्यावर बॅटरी खातात आणि ओल्या वळणावर घसरतात. हवा मी एवढ्या वजनाला मागे ४०, पुढे ३२ पीएसआयच्या आसपास ठेवतो. टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत राहा. कमी हवेत खड्डा लागला तर ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी.

आणि पंक्चर झालंच तर मोटरचं चाक काढू नका. सायकल आडवी करा, टायरची एकच कड रिमवरून उतरवा, ट्यूब तेवढ्याच भागात बाहेर ओढा, भोक शोधा, ठिगळ लावा, परत आत. पंधरा मिनिटांचं काम. चाक काढलंत की नट, टॉर्क आर्म (मोटरचा दांडा फिरू नये म्हणून त्याला फ्रेमशी धरून ठेवणारी पट्टी), वायरचा कनेक्टर, सगळा संसार रस्त्यावर मांडावा लागतो.

टॉर्क आर्मचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो: आहे ना? मोटरचा दांडा १४ मिमीचा, त्याच्या चपट्या बाजू १० मिमीच्या. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा दांडा तेवढ्याच जोराने मागे फिरू बघतो, आणि रिजन लावलं की उलटा. दिवसभर असा पुढे-मागे हिसका बसला की नट ढिला होतो, दांडा खाचेतून फिरतो आणि स्वतःची वायर स्वतःच पिळून तोडतो. एका बाजूला पोलादी टॉर्क आर्म लावाच, रिजन वापरणार असाल तर दोन्ही बाजूंना. वायर दांड्यातून बाहेर येते ती जागा खाली ठेवा, वर ठेवलीत तर पावसाचं पाणी तिच्यावरून थेट मोटरमध्ये उतरतं.

चाक बसवण्याआधी मागच्या फाट्याच्या खाचेचा जवळून एक फोटो टाका. खाच उभी आहे की आडवी, आणि पत्रा किती जाड आहे, ते बघून कोणता टॉर्क आर्म बसेल ते सांगतो.