मूळ अवयव चटकन सापडत नसतील तर मसावि (महत्तम साधारण विभाजक, म्हणजे दिलेल्या सर्व संख्यांना निःशेष भागणारी मोठ्यात मोठी संख्या) कसा काढावा?

अशा वेळी भागाकार पद्धत वापरावी, कारण तिच्यात अवयव पाडावेच लागत नाहीत. सांगलीच्या मार्केट यार्डात दोन प्रतींची हळद, एक ४३७ किलो आणि दुसरी ३२३ किलो, एकमेकींत न मिसळता व काहीही शिल्लक न ठेवता सारख्या वजनाच्या मोठ्यात मोठ्या पोत्यांत भरायची आहे, असे समजा. ४३७ ला ३२३ ने भागल्यास बाकी ११४ उरते. मग ३२३ ला ११४ ने भागल्यास ९५, ११४ ला ९५ ने भागल्यास १९, आणि ९५ ला १९ ने भागल्यास शून्य. शेवटचा भाजक १९ हाच मसावि. म्हणजे पोते १९ किलोचे, एका प्रतीची २३ आणि दुसरीची १७.

विद्यार्थी ही कृती पाठ करतात, पण तिचे कारण समजणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. जी संख्या ४३७ आणि ३२३ या दोन्हींना निःशेष भागते, ती त्यांच्या वजाबाकीला, म्हणजे ११४ लाही भागतेच. उलट ३२३ आणि ११४ यांना भागणारी संख्या त्यांच्या बेरजेलाही भागते. त्यामुळे संख्या लहान होत जातात, मसावि मात्र तोच राहतो. तीन संख्या असल्यास पहिल्या दोन संख्यांचा मसावि आणि तिसरी संख्या घेऊन हीच कृती पुन्हा करावी.